बार्बियानाचे गुरुजी

इटलीतील फ्लॉरेन्स म्हणजे कलावंतांची पंढरी. तेथील चित्रे आणि पुतळे पाहायला जगभरातून माणसे येतात. पण या शहराच्या उत्तरेला मुजेल्लो नावाचे जे डोंगराळ खोरे आहे, तिकडे प्रवाशांची पावले क्वचितच वळतात. त्या खोऱ्यात, जोवी डोंगराच्या उतारावर बार्बियाना आहे. गाव म्हणायचे ते केवळ सोयीसाठी! एक लहानसे चर्च, त्याला लागून धर्मगुरूचे घर, मूठभर थडग्यांची दफनभूमी आणि रानात विखुरलेली वीसेक घरे, एवढाच पसारा. १९५४ साली तेथे वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते, चर्चपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता. माणसे एकेक करून डोंगर उतरून शहराकडे निघाली होती आणि हे चर्च बंदच करून टाकावे, असे वरिष्ठांच्या मनात घाटत होते.

नेमक्या अशा ठिकाणी, ७ डिसेंबर १९५४ रोजी, एकतीस वर्षांचा एक धर्मगुरू येऊन दाखल झाला. नाव लोरेन्झो मिलानी. इटलीत धर्मगुरूला आदराने ‘डॉन’ म्हणतात (आपल्या हिंदी चित्रपटांतल्या डॉनशी त्याचा काही संबंध नाही!), म्हणून ते सर्वांचे डॉन मिलानी. कागदोपत्री ही नेमणूक होती. प्रत्यक्षात ती हद्दपारी होती, हे पाठवणाऱ्यांना ठाऊक होते आणि जाणाऱ्यालाही. डोंगरावर पोहोचताच मिलानींनी एक विलक्षण गोष्ट केली. तेथल्या दफनभूमीत त्यांनी स्वतःसाठी जागा विकत घेऊन ठेवली. बदलीसाठी खटपट करणाऱ्या माणसाचे हे लक्षण नव्हे.

तेथे त्यांना तेरा वर्षेही मिळाली नाहीत. पण तेवढ्या काळात, धनगर आणि शेतकऱ्यांच्या डझन-दोन डझन पोरांना हाताशी धरून त्यांनी जी शाळा चालवली, तिचे नाव पुढे जगभरच्या शिक्षकांच्या तोंडी झाले.

श्रीमंताघरचा मुलगा

गरिबांचा हा गुरुजी जन्माने गरीब नव्हता. २७ मे १९२३ रोजी फ्लॉरेन्समधल्या एका सुखवस्तू, विद्याव्यासंगी घराण्यात त्याचा जन्म झाला. पणजोबा दोमेनिको कोंपारेत्ती हे प्राचीन भाषांचे नामवंत पंडित, आजोबा पुरातत्त्वज्ञ. वडील आल्बानो यांच्याकडे जमीनजुमला होता. आई आलिचे वाइस ही त्रिएस्ते शहरातल्या ज्यू कुटुंबातली. घरात ग्रंथ भरपूर, देवधर्म मात्र नाही. १९३३ साली मुलांचा बाप्तिस्मा झाला, तो श्रद्धेपोटी नव्हे. युरोपात ज्यूंवर येऊ घातलेल्या संकटाची चाहूल लागल्याने पोरांना सुरक्षित ठेवण्याची ती धडपड होती.

मिलानमध्ये शालेय शिक्षण संपल्यावर लोरेन्झोने विद्यापीठाची वाट धरली नाही. त्याला चित्रकार व्हायचे होते. १९४१ मध्ये तो फ्लॉरेन्समध्ये श्टाउड या जर्मन चित्रकाराकडे शिकू लागला, पुढे मिलानच्या ब्रेरा कला अकादमीत गेला. रंगांचा अभ्यास करता करता चर्चच्या उपासनेतल्या रंगांनी आणि प्रतीकांनी त्याला ओढून घेतले. बाहेर महायुद्ध पेटले होते. १९४३ च्या उन्हाळ्यात वीस वर्षांच्या या तरुणाचे मन पालटले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याने फ्लॉरेन्सच्या धर्मगुरू-विद्यालयात पाऊल टाकले. घरच्यांना हा धक्काच होता. १३ जुलै १९४७ रोजी त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली.

एका अडचणीचा शोध

पहिली महत्त्वाची नेमणूक झाली ती फ्लॉरेन्सजवळच्या सान दोनातो दी कालेन्झानो या गावी, वृद्ध धर्मगुरू डॉन पुजी यांचे मदतनीस म्हणून. बाजूलाच प्रातो हे कापडगिरण्यांचे शहर. त्या भागातल्या छोट्या मागांवर कोवळी पोरे रात्रपाळी करीत. कायदा कागदावर होता. तो वाचणारे कोणी नव्हते.

येथे थोडे मागे गेले पाहिजे. कामगाराला पोटापुरते वेतन मिळणे हा त्याचा हक्क आहे, त्याला संघटना बांधता आली पाहिजे, मालमत्तेवर समाजाचेही ऋण असते, ही भूमिका कॅथलिक चर्चने १८९१ सालीच जाहीर केली होती. पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोव्हारुम’ हे पत्र म्हणजे त्या सामाजिक शिकवणीचा पाया. पुढे १९३१ मध्ये तिचा विस्तार झाला आणि १९६१ व १९६३ मध्ये तेविसावे जॉन यांनी तीत शेतकऱ्यांचे प्रश्न, जागतिक विषमता आणि शांतता यांची भर घातली. माणसाची प्रतिष्ठा, श्रमाची प्रतिष्ठा, सर्वांचे हित आणि दुबळ्याला अग्रक्रम ही तिची सूत्रे सांगता येतील.

सूत्रे उत्तमच होती. पण ती पोहोचायची कोणापर्यंत? मिलानींनी सान दोनातोत डोळे उघडे ठेवून पाहिले. माणसे बाप्तिस्म्याला येत, लग्नाला येत, मिरवणुकीला येत. प्रवचनातले शब्द मात्र त्यांच्या डोक्यावरून जात. ज्याच्यापाशी शे-दोनशे शब्दांचीच पुंजी आहे, त्याला ना बायबल कळणार, ना कामाचा करार, ना राज्यघटना. मालक आणि मजूर यांच्यातले खरे अंतर पैशाचे नसून शब्दांचे आहे, या निष्कर्षाला ते आले. मग न्यायाची शिकवण देण्याआधी भाषा द्यायला हवी!

म्हणून त्यांनी तरुण कामगार आणि शेतकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. तिच्या भिंतीवर त्यांनी क्रूस लावला नाही. एका धर्मगुरूच्या शाळेत क्रूस नाही, ही बाब अनेकांना खुपली. १९४९ साली कम्युनिस्टांना चर्चबाहेर काढणारा हुकूम रोमहून निघाला होता, तो हा काळ. पण कम्युनिस्ट घरातल्या पोरालाही या उंबऱ्यावर परके वाटू नये, असा मिलानींचा हेतू होता. शुक्रवारी कोणी डॉक्टर, वकील, पत्रकार किंवा प्राध्यापक बोलावला जाई आणि मागावरची पोरे त्याला प्रश्न विचारून भंडावून सोडत.

गावातल्या प्रतिष्ठितांना हे कसे रुचावे? त्यातून हा धर्मगुरू निवडणुकीत चर्चच्या मर्जीतल्या पक्षाची डोळे मिटून तरफदारीही करीना. तक्रारी वाढत गेल्या. १९५४ मध्ये डॉन पुजी वारले. त्यांच्या जागी मिलानींना नेमण्याऐवजी त्यांची रवानगी बार्बियानाला झाली. त्यांनी हुकूम मानला. सोबत गेल्या त्या एदा पेलागात्ती आणि त्यांची वृद्ध आई. दोघींनी त्या ओसाड घराचा संसार शेवटपर्यंत सांभाळला.

वेळापत्रकाबाहेरची शाळा

बार्बियानातल्या पोरांचे शिक्षण पाचवीला संपत असे. पुढची वाट होती मेंढरांची. त्या काळी इटलीत पाचवीनंतर मुलांची वाटणीच होई: एका बाजूला लॅटिन शिकवून विद्यापीठाकडे नेणारी शाळा, दुसऱ्या बाजूला हातकामाची. १९६२ अखेरच्या कायद्याने ही फारकत संपवून चौदा वर्षांपर्यंत सर्वांसाठी एकच माध्यमिक शाळा ठेवली खरी, पण नापास करण्याचा जुना रिवाज तसाच राहिला. शेतकऱ्याचे पोर एकदोनदा नापास झाले की गुपचूप शेतावर परते.

मिलानींच्या शाळेत नापास होणे नव्हते. सकाळी सुरू झालेली शाळा संध्याकाळपर्यंत, दिवसाचे बारा तास चाले. रविवार नाही, दिवाळी-नाताळची सुट्टी नाही. वर्षाचे ३६५ दिवस शाळा! पोरांची तक्रार नसे, कारण सुट्टी म्हणजे गोठ्यातले शेण उचलणे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. एकच गुरुजी, म्हणून आज शिकलेला मोठा मुलगा उद्या लहानाला शिकवी. ज्याला कमी येते, त्याच्यासाठी सारा वर्ग थांबे. बाके, टेबले, कपाटे पोरांनी स्वतःच्या हातांनी केली. डोंगरातल्या मुलांना पाण्याची भीती वाटते म्हणून पोहण्यासाठी एक लहानसा हौदही बांधला. भिंतीवर इंग्रजीतले दोन छोटे शब्द लिहिले होते. दुसऱ्याच्या सुखदुःखाशी माझे देणेघेणे आहे, असा त्यांचा आशय. मला कोणाची पर्वा नाही, अशी घोषणा मिरवणाऱ्या फॅसिस्टांना ते उत्तर होते.

आता मुख्य मुद्दा. न्याय, श्रमप्रतिष्ठा, बंधुभाव ही मूल्ये शाळेत शिकवायची कशी? बहुतेक ठिकाणी त्यांच्यासाठी आठवड्याचा एक तास राखून ठेवतात. तो संपला की गणित आपल्या वाटेने, भूगोल आपल्या वाटेने जायला मोकळा! मिलानींनी असा तास ठेवला नाही. साध्या, रोजच्या विषयांतच त्यांनी ही शिकवण मुरवली. दुधात साखर विरघळावी तशी.

भाषेच्या तासाला पुस्तकाच्या जोडीला रोजचे वर्तमानपत्र असे. ते मोठ्याने, सावकाश वाचायचे. अडलेला शब्द सोडायचा नाही. तो कोठून आला, कोणाच्या सोयीचा आहे, येथपर्यंत खणत जायचे. कामगारांचा वेतनकरार हा त्यांच्या लेखी महाकाव्याइतकाच अभ्यासाचा विषय होता, कारण उद्या त्याच कागदावर या पोरांना सही करायची होती. मिलानींच्या शाळेतली व्याकरणाची शुद्धता ही दिखाव्याची गोष्ट नव्हती. मालकासमोर आणि साहेबासमोर उभे राहताना लागणारे ते अवजार होते.

भूगोल शिकायचा तो माणसांचा. फ्रेंच, इंग्रजी, जर्मन या भाषा तबकड्या लावून शिकायच्या आणि चौदा-पंधरा वर्षांचे झाले की उन्हाळ्यात परदेशी जाऊन, मिळेल ते काम करून त्या वापरून पाहायच्या. ज्यांच्या बापांनी फ्लॉरेन्स क्वचितच पाहिले, ती पोरे इंग्लंड-फ्रान्सहून पत्रे लिहू लागली. दुसऱ्या देशातला मजूर हा आपलाच भाऊ आहे, हे त्यांना प्रवचनातून सांगावे लागले नाही.

चित्रकलाही सुटली नाही. गुरुजी मूळचे चित्रकार! १९६१ मध्ये मुलांनी चर्चसाठी एका संताचे रंगीत काचांचे चित्र केले. हा संत ना तलवार घेतलेला, ना आकाशाकडे डोळे लावलेला. पुस्तकात डोके खुपसून बसलेला तो एक विद्यार्थी आहे.

हे सारे गोड गोड होते, असे समजायचे कारण नाही. गुरुजी कडक होते. खेळात वेळ घालवणे त्यांना पटत नसे, प्रसंगी फटकाही बसे. मुली फार थोड्या आल्या. पोरीला शिकून काय करायचे, हा आईबापांचा विचार डोंगरावरही होताच. शिवाय एका माणसाने आपले सारे आयुष्य ओतले म्हणून चाललेली ही शाळा सर्वत्र कशी चालणार, हा आक्षेपही रास्तच आहे.

इतिहासाचा तास न्यायालयात

संकटे पाठ सोडत नव्हती. सान दोनातोतल्या अनुभवांवर आणि बारकाईने जमवलेल्या आकडेवारीवर मिलानींनी ‘एस्पेरिएन्झे पास्तोराली’ हा ग्रंथ लिहिला. १९५८ मध्ये चर्चच्या रीतसर परवानगीने तो छापला गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, अप्रस्तुत ठरवून, रोमच्या धर्मकार्यालयाने तो विक्रीतून काढून घ्यायला लावला. १९६० च्या अखेरीस शरीरात हॉजकिन्सचा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग निघाला. शाळा चालूच राहिली.

फेब्रुवारी १९६५ मध्ये तोस्कानातल्या काही निवृत्त लष्करी धर्मगुरूंचे निवेदन वर्तमानपत्रात आले. सक्तीच्या लष्करी सेवेला सदसद्विवेकाच्या कारणाने नकार देणारे तरुण भित्रे आहेत आणि मातृभूमीचा अपमान करतात, असा त्याचा रोख होता. अशी मुले तेव्हा तुरुंगात जात. बार्बियानात ते निवेदन नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचले गेले आणि तोच त्या दिवसांचा इतिहासाचा पाठ झाला. युद्धाचा धिक्कार करणारे राज्यघटनेचे अकरावे कलम समोर ठेवून गुरुजी आणि पोरे इटलीच्या शंभर वर्षांतल्या युद्धांचा हिशोब तपासू लागली. १८९८ मध्ये मिलानच्या रस्त्यांवर स्वतःच्याच लोकांवर चाललेल्या गोळ्या, इथिओपिया, स्पेन... यांतले कोणते युद्ध मातृभूमीच्या रक्षणाचे होते? त्यातून एक उत्तर तयार झाले. ते छापले ‘रिनाशिता’ या कम्युनिस्ट साप्ताहिकाने, आणि मिलानींवर गुन्ह्याचे समर्थन केल्याचा खटला भरला गेला.

रोमला जाण्याइतके त्राण अंगात उरले नव्हते. म्हणून त्यांनी न्यायाधीशांना लांबलचक पत्र लिहिले. वरून हुकूम आला म्हणून केले, या सबबीआड कोणालाही लपता येत नाही. प्रत्येक जण आपल्या कृत्याला स्वतः जबाबदार असतो, हे पोरांना शिकवणे शिक्षकाचे काम आहे, अशी त्यांची मांडणी होती. आपल्या शाळेत कोणाची चरित्रे वाचली जातात, हेही त्यांनी त्यात नोंदवले. ती अशी: सॉक्रेटिस, येशू, हिरोशिमाच्या मोहिमेतला पश्चात्तापदग्ध वैमानिक आणि आपले महात्मा गांधी! गांधीजींची आत्मकथा इटलीतल्या त्या बिनविजेच्या डोंगरावर धनगरांच्या पोरांनी अभ्यासली होती.

१५ फेब्रुवारी १९६६ रोजी निर्दोष सुटका झाली. सरकारी पक्ष वर गेला. अपिलाचा निकाल २८ ऑक्टोबर १९६७ रोजी विरुद्ध लागला, तेव्हा साप्ताहिकाच्या संपादकाला शिक्षा झाली. मिलानींना शिक्षा देणे शक्य नव्हते. ते चार महिन्यांपूर्वीच गेले होते. सदसद्विवेकाने लष्करी सेवा नाकारण्याचा हक्क इटलीच्या कायद्याने मान्य केला, तो १९७२ च्या डिसेंबरात.

गणिताचा शेवटचा पाठ

बार्बियानाची काही मुले शिक्षक व्हायला निघाली आणि अध्यापक विद्यालयाच्या परीक्षेत नापास झाली. त्यावर रडत न बसता आठ पोरांनी नापास करणाऱ्या बाईंना पत्र लिहायला घेतले. अंथरुणाला खिळलेले गुरुजी नजर ठेवून होते. एका चिठ्ठीवर एकच विचार लिहायचा, सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडायच्या, सारख्या असतील त्या गाळायच्या, उरलेल्यांचे गठ्ठे करायचे. गठ्ठ्याचे प्रकरण झाले की फालतू शब्द छाटायचे. मग ते एखाद्या अडाणी माणसाला वाचून दाखवायचे. त्याला कळले नाही तर पुन्हा लिहायचे.

यात गणितही पणाला लागले. सरकारी आकडे मिळवून पोरांनी तक्ते आणि आलेख काढले. कोणत्या इयत्तेत किती मुले गळतात, त्यांचे बाप काय काम करतात, हे मोजले. नापासांत शेतकऱ्या-मजुरांची लेकरे जास्त आणि डॉक्टरांची मुले कमी, हा बुद्धीचा योगायोग नाही, हे बेरीज-वजाबाकीने सिद्ध झाले. प्रश्न असा होता की, ज्यांना शाळेची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच ती बाहेर का काढते? या आकडेवारीच्या कामासाठी इटलीच्या भौतिकशास्त्र संस्थेने या डोंगरी शाळेला पारितोषिक दिले. श्रमिकाला न्याय, दुबळ्याला अग्रक्रम ही तत्त्वे टक्केवारीच्या भाषेत कशी मांडायची, याचा तो वस्तुपाठ होता.

मे १९६७ मध्ये हे पत्र पुस्तकरूपाने निघाले. पुढे अनेक भाषांत गेले. मराठीत ‘प्रिय बाई’ या नावाने आले. लेखकाच्या जागी एका व्यक्तीचे नाव नव्हते, शाळेचे होते. २६ जून १९६७ रोजी फ्लॉरेन्समध्ये आईच्या घरी डॉन मिलानींनी डोळे मिटले. वय अवघे ४४. त्यांना बार्बियानात, साडेबारा वर्षांपूर्वी घेऊन ठेवलेल्या जागेत पुरण्यात आले. अंगावर धर्मगुरूची वस्त्रे होती आणि पायांत डोंगर चढायचे बूट.

पोरांचे पुढे काय झाले? बरेच जण कामगार चळवळीत गेले. गुरुजींपाशीच वाढलेला मिकेले जेसुआल्दी आधी कामगार संघटनेत आणि नंतर १९९५ पासून २००४ पर्यंत फ्लॉरेन्स प्रांताचा अध्यक्ष होता. त्याचा भाऊ फ्रान्चेस्को याने गरीब देशांतील मजुरांचे शोषण आणि आपण विकत घेतो त्या वस्तू यांचा संबंध उलगडणारे केंद्र चालवले. चर्चचे मन वळायला मात्र वेळ लागला. त्या ग्रंथावरची बंदी २०१४ मध्ये उठली. २० जून २०१७ रोजी पोप फ्रान्सिस स्वतः या थडग्यापाशी प्रार्थनेला आले. २०२३ मध्ये जन्मशताब्दीच्या दिवशी देशाचे राष्ट्राध्यक्षही तेथे गेले. ज्याला अडगळीत टाकले, त्याच्या अडगळीपर्यंत सत्ता चालत आली!

ती खोली अजून जपून ठेवली आहे; पोरांनी केलेली टेबले, भिंतीवरचे नकाशे, ते दोन शब्द. मिलानींचा बारा तासांचा दिवस आपल्या मुलांना नको, त्यांच्या हातचा फटका तर नकोच. पण उद्या सोमवारी दप्तर उघडल्यावर गणिताच्या पुस्तकात पाच मजूर एक भिंत किती दिवसांत बांधतील, असे उदाहरण निघाले, तर उत्तर जमल्यानंतर आणखी एक प्रश्न घरात विचारून पाहायला हरकत नाही. त्या पाच जणांना रोज काय मिळाला आणि त्यात त्यांच्या मुलांची शाळा भागते का? बार्बियानात गणिताचा तास तेथूनच सुरू झाला असता.